सीटखालचा अ‍ॅक्टिव्ह सबवूफर: कुईं आवाज, मध्येच बंद पडणं आणि हरवलेला बेस

सीटखाली मावणारा ८ किंवा १० इंची अ‍ॅक्टिव्ह सब, म्हणजे ज्याच्या डब्यातच अ‍ॅम्प असतो तो बेसचा स्पीकर (सबवूफर), छोट्या गाडीसाठी फार चांगली सोय आहे. डिकी मोकळी राहते, वेगळा अ‍ॅम्प घ्यावा लागत नाही, आणि नीट लावला तर डग्ग्याचा घुमारा घरच्या चांगल्या सिस्टिमसारखा ऐकू येतो. पण बसवल्यावर थोड्याच दिवसांत, नाहीतर पहिला पावसाळा उलटला की, त्याच त्या तक्रारी सुरू होतात. अशा गाड्या मी सतत उघडत असतो. सब स्वतः बिघडलाय असं क्वचितच निघतं. दोष निघतो अर्थच्या, म्हणजे सबची मायनस वायर गाडीच्या बॉडीला जोडणाऱ्या, बोल्टात, फ्यूज होल्डरात, वायरच्या जाडीत, नाहीतर नॉब भलतीकडे फिरवून ठेवल्यामुळे. तेव्हा नवा सब घ्यायच्या किंवा दाराचे स्पीकर बदलायच्या आधी खाली दिलेल्या क्रमाने तपासत जा. पहिल्या दोन पायऱ्यांना एक रुपयाही लागत नाही.

आधी लक्षण ओळखा

- गाडी चालू केली की कुईं असा बारीक आवाज येतो आणि रेस दिली की तो चढत जातो.
- रेसशी संबंध नसलेली एकसारखी भुणभुण येते, किंवा इंडिकेटर-वायपर लावला की स्पीकरमध्ये टकटक ऐकू येते.
- सबचा लाइटच लागत नाही.
- आवाज वाढवला की ऐन ठेक्यावर बेस तुटतो, काही सेकंदांनी परत येतो. रात्री हेडलाइटही ठेक्याबरोबर मंद होतात.
- सब वाजतो, पण बेस पातळ आहे. मागे बसलेल्यांना जास्त आणि ड्रायव्हरला कमी ऐकू येतो.
- गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही.
- फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो.

शेवटचं लक्षण असेल तर बाकी काही तपासत बसू नका. बॅटरीजवळचा सबचा फ्यूज काढून ठेवा आणि थेट शेवटच्या भागात जा.

जवळ एक डिजिटल मल्टिमीटर हवा. ३००-४०० रुपयांचा साधा चालतो. त्याशिवाय १० नंबरचा पाना, पॉलिश पेपर, टॉर्च आणि जंप स्टार्टची केबल. गाडीत कुठे काय शोधायचं हे माहीत असेल तर एवढ्यात बहुतेक दोष सापडतात.

सीटखाली हात घालायच्या आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तिथे पिवळ्या रंगाची वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा किंवा सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरचा (अपघातात पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेचा) आहे. तो काढायचा नाही, ओढायचा नाही, त्याला मल्टिमीटरही लावायचा नाही. मीटर ओहमवर असताना स्वतः थोडा करंट सोडतो, आणि एअरबॅगच्या सर्किटमध्ये तेवढाही सोडायचा नसतो. काही माइल्ड हायब्रिड गाड्यांत पुढच्या सीटखाली छोटी लिथियम बॅटरी असते. ती असेल तर त्या सीटखाली सबला जागाच नाही.

१. काही न उघडता होणारी तपासणी

गाडी चालू ठेवा आणि गाणं बंद करा. आता १२ व्होल्टच्या सॉकेटमधला मोबाइल चार्जर काढा, डॅशकॅमची पिन काढा, ऑक्स केबल लावली असेल तर तीही काढा. भुणभुण गेली? मग सबला हात लावू नका. स्वस्त चार्जरच्या आत १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारं जे सर्किट असतं, त्याची घाण गाडीच्या वायरिंगमध्ये उतरते. चार्जर बदला, काम झालं. यात वेळ जात नाही, म्हणून हे सगळ्यात आधी करायचं.

आवाज गेला नाही तर स्टिरिओचा व्हॉल्यूम शून्यावर न्या. व्हॉल्यूमबरोबर कुईं कमी-जास्त होत असेल तर घाण व्हॉल्यूमच्या आधीच शिरते आहे, म्हणजे ऑक्स, यूएसबी किंवा फोनकडून. शून्यावरही तेवढीच येत असेल तर ती पुढे कुठेतरी, वायरिंग-अर्थच्या बाजूने शिरते आहे. या एका परीक्षेने शोधायची जागा निम्मी होते.

आता कान लावून पाहा, कुईं कुठून येते आहे? इथे बऱ्याच जणांची फसगत होते. बहुतेक गाड्यांत इंजिन आयडलवर असतानाही अल्टरनेटरच्या करंटमधला तरंग हजार हर्ट्झच्या आसपास किंवा त्याहून वर असतो. सबचा एलपीएफ (फक्त खालचा बेस जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर ठेवलेला असेल तर एवढा उंच आवाज सबमधून जवळजवळ बाहेर पडूच शकत नाही. म्हणून सब लावल्यानंतर सुरू झालेली कुईं येते दाराच्या स्पीकरमधून. मग दुकानदार स्पीकर बदलून देतो, ग्राहक पैसे देतो आणि आवाज जसाच्या तसा राहतो. दारातून कुईं येत असेल आणि ती सब बसवल्यानंतरच आली असेल, तर कारण सबच्या अर्थमध्ये किंवा आरसीए केबलमध्ये (स्टिरिओकडून सबला सिग्नल नेणाऱ्या) शोधायचं.

२. नॉब जागेवर आणा

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टिरिओकडून येणारा सिग्नल किती मोठा आहे हे सबला सांगणारा तो नॉब आहे. आरसीएवर दोन व्होल्ट देणारा स्टिरिओही असतो आणि चार व्होल्ट देणाराही, त्याच्याशी जुळवण्यासाठी गेन दिलेला असतो. तो शेवटापर्यंत पिळला की सिग्नलबरोबर भुणभुणही तेवढीच मोठी होते आणि अ‍ॅम्प क्लिप व्हायला लागतो, म्हणजे ताकद संपून आवाजाची टोकं छाटली जातात. क्लिप झालेला बेस गोल घुमत नाही, फटफट वाजतो.

लावायची पद्धत अशी. स्टिरिओतला बेस, लाउडनेस, इक्वलायझर सगळं शून्यावर. सबचा बेस बूस्ट शून्यावर, एलपीएफ ८० हर्ट्झवर, गेन सगळ्यात खाली. डॅशबोर्डवर लावायचा रिमोट नॉब असेल तर तो पूर्ण वर. आता ओळखीचं, स्वच्छ रेकॉर्डिंग असलेलं गाणं लावा आणि स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांशपर्यंत न्या, म्हणजे ४० पैकी ३०. मग गेन हळूहळू वाढवा. बेस फाटायला लागला की थांबा आणि नॉब थोडा मागे घ्या. एवढंच. पुढे रोजचं कमी-जास्त डॅशबोर्डवरच्या नॉबने करा, गेनला पुन्हा हात लावू नका.

बेस बूस्टचा मोह सोडलेला बरा. ६ डेसिबल बूस्ट म्हणजे त्या वारंवारतेला चौपट पॉवर, १२ डेसिबल म्हणजे सोळापट. सीटखालच्या चपट्या डब्यातल्या ८ इंची कोनकडे तेवढी हालचाल करायला जागाच नसते, आणि अ‍ॅम्पकडे तेवढी पॉवरही नसते. बेस मध्येच तुटण्याच्या तक्रारींपैकी कितीतरी फक्त बूस्ट शून्यावर आणून मिटतात.

बेस पातळ वाटत असेल तर फेजचं, म्हणजे सबची आवाजाची लहर उलटवणारं, बटण पाहा. ड्रायव्हरच्या सीटवर बसा, सलग बेस असलेलं गाणं लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी फेज ० आणि १८० करायला सांगा. जिथे बेस भरीव लागतो ती तुमच्या गाडीची योग्य जागा. पुस्तकात काय लिहिलंय ते इथे चालत नाही, कारण दाराचे स्पीकर आणि सब यांच्यातलं अंतर प्रत्येक गाडीत वेगळं असतं. स्टिरिओत एचपीएफ (खालचा बेस अडवणारा फिल्टर) असेल तर दाराच्या स्पीकरना ८० ते १०० हर्ट्झवर लावा. दोघांनीही एकच बेस वाजवला की एकमेकांचा आवाज खातात. सगळं जुळलं की डग्गा सीटखालून वाजतोय असं वाटत नाही, समोरून वाजतोय असं वाटतं.

कंपनीच्या स्टिरिओला स्पीकरच्या वायरींवरून सब जोडला असेल, म्हणजे हाय लेव्हल इनपुट वापरला असेल, तर एक सोपी परीक्षा करा. बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या. बेस कमी व्हायच्या ऐवजी वाढला? मग एका बाजूच्या प्लस-मायनस वायरी उलट्या जोडल्या आहेत. सब डावा-उजवा सिग्नल एकत्र करतो. एक उलटा असला की दोघे एकमेकांना पुसून टाकतात आणि सब नुसता कण्हत राहतो. त्या दोन वायरी अदलाबदल केल्या की झालं. मात्र स्पीकरची कोणतीही मायनस वायर गाडीच्या बॉडीला लावू नका. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर अर्थच्या मानाने साधारण सहा व्होल्ट असतात. ती अर्थला टेकली की स्टिरिओचा आउटपुट आयसी (स्पीकर चालवणारी चिप) जाऊ शकतो.

३. लाइट लागत नाही, किंवा बॅटरी उतरते

लाइट नसेल तर आधी दोन्ही फ्यूज बघा, बॅटरीजवळचा आणि सबच्या अंगावरचा. नुसतं डोळ्यांनी पाहून भागत नाही, मीटरने तपासा. अनेक किटमध्ये काचेच्या जाड फ्यूजचा होल्डर येतो. त्याची स्प्रिंग सैल पडते, पावसाळ्यात बॉनेटखाली पाणी उडून आत हिरवा थर धरतो आणि फ्यूज चांगला असूनही करंट जात नाही. होल्डरला हात लावून पाहा. गाणं वाजून झाल्यावर तो गरम लागत असेल किंवा प्लास्टिक वितळल्यासारखं दिसत असेल तर बदलून टाका. झाकणवाला ब्लेड फ्यूजचा होल्डर जास्त टिकतो.

मग रिमोट वायर, म्हणजे स्टिरिओबरोबर सबला चालू-बंद करणारी, बहुधा निळी किंवा निळी-पांढरी. स्टिरिओ चालू असताना तिच्यावर १२ व्होल्टच्या आसपास हवेत, चावी काढल्यावर शून्य. चालू असताना शून्य असेल तर सब जागाच होणार नाही. उलट चावी काढल्यावरही १२ दिसत असतील तर ती कुणीतरी कायम चालू असणाऱ्या वायरवर जोडली आहे, आणि बॅटरी उतरण्याचं कारण तिथेच आहे. जागा राहिलेला सब काहीही न वाजवता अर्धा-पाऊण अँपिअर घेऊ शकतो. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते. पाऊण अँपिअरने एका दिवसात तिची निम्मी ताकद जाते, आणि निम्म्या बॅटरीवर सेल्फ कुरकुरतो.

हाय लेव्हलवर लावलेल्या सबला ऑटो ऑनचं (रिमोट वायरशिवाय आपोआप चालू होण्याचं) बटण असतं. चावी काढा, गाडी लॉक करा, वीस मिनिटांनी काचेतून सबचा लाइट पाहा. लागलेलाच असेल तर त्या गाडीला ऑटो ऑन सोसत नाही. चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजवरून रिमोट घ्या. तसं केल्यावर चालू-बंद होताना एक धप्प आवाज येईल. तो दोष नाही.

४. अर्थ

इथे घाई करू नका. कुईं, टकटक, बेस तुटणं, लाइट मिचमिचणं, यातलं काहीही असलं तरी मी सर्वांत जास्त वेळ याच ठिकाणी देतो.

सब बॅटरीच्या प्लसमधून जेवढा करंट घेतो तेवढाच बॉडीमधून बॅटरीच्या मायनसला परत पाठवतो. प्लसला सगळे जाड वायर लावतात आणि मायनस मात्र सीटखाली दिसेल त्या बोल्टला रंगावरच आवळून देतात. रंगातून करंट जात नाही. तो जातो बोल्टच्या आट्यांमधून, जेमतेम. पुढे कारपेट ओलं होतं, बोल्ट गंजतो, आणि ज्या अर्थवर सब सहा महिने नीट वाजला त्याच अर्थवर तो कण्हायला लागतो. मुंबई, रत्नागिरी, गोवा या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं.

कुईं येण्याची रीतही समजून घ्या. स्टिरिओचा अर्थ डॅशबोर्डच्या मागे असतो, सबचा सीटखाली. दोन्ही जागी व्होल्ट सारखेच असतील तर काही होत नाही. सबचा अर्थ कच्चा असेल तर तिथे थोडे व्होल्ट चढतात आणि करंट दुसरी वाट शोधतो. ती वाट म्हणजे आरसीए केबलची बाहेरची जाळी. तिच्यातून अल्टरनेटरची घाण थेट स्टिरिओत पोचते आणि तिथून दाराच्या स्पीकरमध्ये.

तपासायचं असं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन सबच्या अर्थ टर्मिनलला. मीटरची वायर पुरणार नाही, मध्ये कुठलीही बारीक लांब वायर जोडा. या वायरमधून करंट जात नाही, त्यामुळे बारीक चालते. आता इंजिन चालू करून जोरात बेस वाजवा आणि मीटर पाहा. ०.१ व्होल्ट किंवा कमी म्हणजे अर्थ उत्तम. ०.२-०.३ म्हणजे सुधारायला हवा. ०.५ च्या वर गेला तर तुमचा दोष सापडला.

हे काम मीटरच्या बीपवर (जोडणी आहे का ते बीप देऊन सांगणाऱ्या सेटिंगवर) होत नाही. बीपच्या वेळी मीटर अगदी नगण्य करंट सोडतो, त्यामुळे गंजलेला बोल्टही बीप देतो. जोडणीत फक्त ०.०२ ओहम अडथळा असला तरी १४ अँपिअरला तिथे ०.२८ व्होल्ट पडतात. एवढा बारीक अडथळा साध्या मीटरच्या ओहम रेंजला दिसतच नाही, म्हणून सब वाजत असतानाच मोजायचं.

खात्री करायची असेल तर जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं सबच्या अर्थ टर्मिनलला तात्पुरतं लावा. केबल पंख्याच्या आणि पट्ट्याच्या लांब ठेवा. कुईं गेली किंवा बेस तुटायचा थांबला, तर बॉडीचा अर्थ कच्चा आहे हे पक्कं.

दुरुस्ती करताना आधी बॅटरीचं मायनस काढून ठेवा. स्टिरिओला कोड लागत असेल तर तो हाताशी असू द्या. सबपासून अर्ध्या मीटरच्या आत बॉडीच्या मूळ पत्र्यावर जागा निवडा. कंपनीने दिलेला अर्थ पॉइंट जवळ असेल तर सगळ्यात चांगलं. पॉलिश पेपरने रंग आणि त्याखालचा प्रायमर दोन्ही घासा, पत्रा चकचकीत दिसेपर्यंत. वायरच्या टोकाला थिंबल (धातूची रिंग) नीट क्रिम्प करा, म्हणजे दाबून पक्की बसवा, नुसती पिळून बोल्टखाली दाबू नका. दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंगाचा हात द्या, नाहीतर उघडा पत्रा पुढच्या पावसाळ्यात गंजेल. सीटबेल्टचा बोल्ट अर्थसाठी कधीही वापरायचा नाही. सीटचा बोल्टही मी वापरत नाही. अपघातात माणसाला धरून ठेवायचं काम त्याच्याकडे आहे, आणि तो ठरलेल्या ताकदीने आवळलेला असतो.

स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर एक छोटा सेन्सर असतो. अशा गाडीत सबची मायनस वायर कायमची थेट बॅटरीच्या खांबाला जोडू नका. तो करंट सेन्सरला दिसत नाही आणि बॅटरीचा हिशोब चुकतो. बॉडीलाच अर्थ द्या.

५. व्होल्टेज आणि वायर

अर्थ चांगला निघाला आणि तरी बेस तुटतो आहे, तर सबच्या प्लस आणि मायनस टर्मिनलवरच व्होल्ट मोजा. भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसतात, पण बऱ्याच नव्या गाड्यांत ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) अल्टरनेटरचं चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, त्यामुळे मधूनच १२.८ दिसले तर लगेच अल्टरनेटरला दोष देऊ नका. बॅटरीवर आणि सबवर एकाच वेळी मोजा आणि फरक पाहा. बेस वाजताना दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर वाटेत कुठेतरी व्होल्ट पडताहेत.

खोक्यावर ६०० वॅट, १००० वॅट छापलेलं असतं, ते सोडा. फ्यूज पाहा. १५ अँपिअरचा फ्यूज असलेला सब १३.८ व्होल्टवर सातत्याने २०७ वॅटपेक्षा जास्त घेऊच शकत नाही. खरे १५० वॅट आरएमएस (सतत देता येणारी पॉवर) देणारा सब ऐन ठेक्यावर १४ अँपिअरच्या आसपास ओढतो. बॉनेटपासून सीटपर्यंत साधारण ५ मीटर वायर धरली, तर एवढ्या करंटला तांब्याच्या १४ गेज वायरमध्ये (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) ०.५८ व्होल्ट पडतात, १० गेजमध्ये ०.२३ आणि ८ गेजमध्ये ०.१४. म्हणून ८ गेज घ्या, तेही तांब्याचं. स्वस्त किटमधली वायर बऱ्याचदा सीसीए असते, म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. तिचा अडथळा तांब्याच्या दीडपटीहून जास्त. सीसीएची ८ गेज वायर तांब्याच्या १० गेजएवढंच काम करते. एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर सीसीए.

याच वेळी बॅटरीचे टर्मिनल पाहा. पांढरी-हिरवी पावडर असेल तर गरम पाण्याने धुऊन, घासून, घट्ट करा. आणि सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून पाहा की रेल वायरीवरून जाते का. सोललेली वायर इथेच सापडते.

६. आरसीए आणि स्टिरिओचा आतला अर्थ

पॉवरची वायर आणि आरसीए एकाच बाजूने, एकाच टायने बांधून आणल्या असतील तर वेगळ्या करा. पॉवर एका दाराच्या पट्टीखालून, आरसीए दुसऱ्या. कुठे ओलांडायचंच झालं तर काटकोनात.

सब बंद करून आरसीए सबकडून काढा आणि परत चालू करा. कुईं गेली तर ती याच वाटेने येत होती. अर्थ नीट असूनही जात नसेल तर आरसीए पिनची बाहेरची रिंग आणि स्टिरिओचा पत्रा यांच्यात ओहम मोजा. जवळजवळ शून्य हवं. काही स्टिरिओत मुद्दाम छोटा रेझिस्टर दिलेला असतो, म्हणून थोडे ओहम दिसले तर चालेल. पण पूर्ण ओपन दाखवत असेल तर स्टिरिओच्या बोर्डावरचा आरसीएचा अर्थ जळलेला आहे. सबचा अर्थ सुटलेला असताना आरसीए जोडलेली राहिली की सबचा सगळा करंट त्या केसासारख्या बारीक ट्रॅकमधून जातो आणि तो उडतो. म्हणून जोडताना अर्थ पहिला आणि आरसीए शेवटी, काढताना आरसीए पहिली आणि अर्थ शेवटी. जळलेला ट्रॅक घरी दुरुस्त करायचा नाही. ते स्टिरिओ दुरुस्त करणाऱ्याचं काम आहे.

ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी काही शे रुपयांत मिळते आणि कुईं घालवतेसुद्धा. पण स्वस्त डबीतला छोटा ट्रान्सफॉर्मर खालचा बेस खातो, आणि सब तर बेससाठीच लावला होता. वरचं सगळं करूनही जमलं नाही तरच तिचा विचार करा.

इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर नसतो. १२ व्होल्टची बॅटरी डीसी-डीसी कन्व्हर्टरवर चार्ज होते. तिथे आवाज रेसबरोबर चढत नाही, गाडी रेडी झाल्याबरोबर सुरू होतो. तपासणी हीच, पण फक्त १२ व्होल्टच्या बाजूला.

७. ऊन आणि पाणी

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे उन्हात उभी असलेली गाडी आतून भट्टी झालेली असते. त्यात सबवर कारपेट किंवा जाड मॅट आलेली असेल तर तो गरम होऊन स्वतःला बंद करतो आणि एसी लागून थंडावला की परत वाजतो. हा बचाव आहे, बिघाड नाही. मॅट कापून डब्याभोवती हवा खेळू द्या.

पाण्याचा प्रकार जास्त गंभीर. डाव्या सीटखालचा सब पावसाशिवायही भिजतो, कारण एसीचा ड्रेन पाइप तुंबला की पाणी बॉनेटखाली न पडता डाव्या पायदानात उतरतं आणि कारपेटखालच्या फोममधून मागे सरकतं. वरून मॅट कोरडी दिसते. मॅट उचलून कारपेट मुठीने दाबा. पाणी वर आलं तर आधी ड्रेन साफ करून घ्या, मगच सब बसवा.

इथे थांबा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा

फ्यूज दुसऱ्यांदा उडाला तर. मोठा फ्यूज घालू नका, आणि चंदेरी कागद किंवा तार तर कधीच नको. तो फ्यूज सबसाठी नसून बॅटरीपासून तुमच्या पायाखालून जाणाऱ्या वायरसाठी असतो, म्हणूनच तो बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत असावा लागतो. वायर कुठेतरी पत्र्याला टेकली आणि फ्यूजने साथ दिली नाही, तर कारपेट पेट घेतं. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर रबरी ग्रॉमेटशिवाय (भोकाच्या कडेच्या रबरी रिंगशिवाय) आणलेली दिसली तरी गाडी तशी चालवू नका.

जळका वास, गरम लागणारी वायर, पेटलेला एअरबॅग लाइट, सीट काढायची वेळ येणं, नारिंगी हाय व्होल्टेज केबलच्या जवळून जाणारं वायरिंग, पाण्यात बुडालेला सब, या सगळ्यांत घरी प्रयोग नकोत. एअरबॅगचा लाइट असेल तर स्टिरिओच्या दुकानात नाही, गाडीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच जा. सबचा डबा उघडून आतला अ‍ॅम्प दुरुस्त करायचा प्रयत्नही करू नका.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना चार आकडे कागदावर लिहून न्या: इंजिन बंद असताना बॅटरीचे व्होल्ट, बेस वाजताना बॅटरीवरचे आणि सबवरचे व्होल्ट, आणि अर्थवर पडणारे व्होल्ट. कुईं व्हॉल्यूमबरोबर बदलते की नाही आणि ती दारातून येते की सबमधून, हेही सांगा. काम झाल्यावर पैसे द्यायच्या आधी इंजिन चालू ठेवून, गाणं बंद करून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून दोन-अडीच हजार आरपीएमपर्यंत रेस देऊन ऐका, आणि अर्थचं माप तुमच्यासमोर परत घ्यायला सांगा.